पाऊस सरताना गोवा : भिंती, मखर आणि पोथ्या

गुरुवार, पणजी

जुन्या वस्तू कशानं टिकतात आणि कशानं जातात हे बघायचं असेल तर गोव्यात पावसाळा सरता सरता यावं. डिसेंबरात भिंतींना नवा रंग लागलेला असतो, लाकूड सुकलेलं असतं, सगळं ठाकठीक दिसतं. आश्विनाच्या सुरुवातीला मात्र पाणी कुठून शिरलं, किती चढलं, कुठे मुरलं ते भिंतीवर ताजं दिसतं. माझी मैत्रीण मुंबईत कागद आणि पोथ्यांच्या संवर्धनाचं काम करते. डिचोली तालुक्यातल्या एका घरातल्या पोथ्या बघायला तिला बोलावणं आलं होतं. नवरात्राची सुट्टी जोडून मीही तिच्याबरोबर निघाले.

सकाळी पोचलो तेव्हा पणजीत बारीक सर चालू होती. सामान टाकून थेट मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत गेलो. आत शिरल्याबरोबर दर्शनी दालनाच्या भिंतींवर निळ्या रंगातली मोठी चित्रं आहेत, चिनीमातीच्या फरश्यांवर रंगवलेली. पोर्तुगीज भाषेत या फरश्यांना आझुलेजो म्हणतात आणि पणजीतही तेच नाव रूढ आहे. पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांचं हे काम १९३५ सालचं. कामोंइश या कवीच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांत आहेत: जहाजं, समुद्र, राजदरबार. विषय पोर्तुगीजांच्या पराक्रमाचा आहे, आणि तो बघताना आपल्या मनात दुसरा इतिहासही जागा असतो. तरी हात म्हणून तो हात मोठाच.

मैत्रीण मात्र चित्रांपेक्षा फरश्यांच्या सांध्यांकडे बघत होती. फरशीचा चकचकीत थर काचेसारखा असतो, त्यातून पाणी जात नाही. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधते ती सांध्यांतून आणि फरशीच्या मागून. त्या ओलीबरोबर क्षार येतात. पाणी उडून गेलं की क्षारांचे स्फटिक होतात, फुगतात आणि चकाकीचा थर आतून ढकलून उडवतात. जुन्या कारागिरांनी फरश्या चुन्यात बसवल्या, म्हणून गरज पडली तर त्या धक्का न लागता काढता येतात, मागची भिंत सुकवता येते आणि परत लावता येतात. सिमेंटमध्ये बसवलेली फरशी काढायला गेलं की तुटते. "आपल्या कामात पहिला प्रश्न हाच," ती म्हणाली. "उद्या कुणाला हे काढावंसं वाटलं, तर काढता येईल का?"

पुढचे सगळे दिवस हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

दुपारी पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत, फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक प्रतिष्ठानच्या घरात आंतोनियो शावियर त्रिंदाद यांची चित्रं पाहिली. १८७० मध्ये जन्मलेला हा गोंयकार चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि तिथेच त्यानं शिकवलंही. त्याच्या व्यक्तिचित्रांतल्या कातडीच्या छटा बघायला पुन्हा एकदा निवांत यायला हवं.

शुक्रवार, दिवाडी, नार्वे, डिचोली

जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून आज आधी नार्व्याला निघालो. रायबंदरहून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीनं नार्व्याला. रस्त्यानंही जाता येतं, पण ही वाट मुद्दाम घेतली. सप्तकोटेश्वर कदंब राजांचं दैवत. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. १५४०च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि भक्तांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं, कारण डिचोली महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. फेरीबोट ते पात्र थोड्या वेळात ओलांडते. पाणी गढूळ लाल होतं, दोन्ही काठांना खारफुटी.

१६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आणि कार्तिक वद्य पंचमी अशी नोंद आहे. मी अक्षरं बोटानं न शिवता नुसती नजरेनं लावत गेले. 'श्री शिवराज्ञा' हे शब्द लागले तेव्हा अंगावर काटा आला. ज्या देवाचं देऊळ पाडलं गेलं, त्याला पुन्हा छप्पर देण्याची आज्ञा आणि ती दगडावर नोंदवून ठेवण्याची दृष्टी, दोन्ही या एका ओळीत आहेत.

अलीकडे राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं देवळाचं संवर्धन केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भक्तांसाठी पुन्हा खुलं झालं. देऊळ थोराड नाही. उतरती कौलं, अष्टकोनी गळ्यावरचा घुमट, समोर दीपमाळ. संगमरवर नाही, चकचकीत फरशी नाही, ग्रॅनाइटचे खांब नाहीत. गोव्यात आणि कोकणात गेल्या काही दशकांत किती देवळांचा 'जीर्णोद्धार' म्हणून जुनं सगळं उतरवून नवं काँक्रीट उभं राहिलं, ते आठवलं की नार्व्याचं हे साधेपण फार मोलाचं वाटतं.

तिथून डिचोलीकडे. ज्यांच्याकडे पोथ्या आहेत ते निवृत्त मराठी शिक्षक, सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. "येयात, बसात," म्हणत त्यांनी आत नेलं. पोथ्या सोमवारी सगळ्या सवडीनं काढू, आज घर बघा, असं त्यांचं म्हणणं. घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, मधे चौक, चौकात तुळस. आणि चौकाच्या एका भिंतीवर कावी.

कावी म्हणजे पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगाचं कोरीव चित्र. ही कला कोकणपट्टीची, गोव्यापासून खाली कारवारपर्यंत देवळांत आणि जुन्या घरांत सापडते. शिंपल्यांचा चुना आणि बारीक वाळू गुळाच्या पाण्यात भिजवून बरेच दिवस मुरवायची. त्याचा गिलावा भिंतीवर चढवायचा. वर काव, म्हणजे लोहयुक्त तांबडी माती मिसळलेला पातळ थर द्यायचा. तो ओला असतानाच लोखंडी काट्यानं नक्षी कोरायची. तांबडं खरवडलं की खालचं पांढरं उघडं पडतं. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा दगड होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. हे रंगवलेलं चित्र नाही, तांबडा रंग भिंतीच्याच अंगात असतो.

गुरुजींच्या भिंतीवर मोर आणि वेल आहे. वरचा अर्धा भाग पांढऱ्या डिस्टेंपरच्या थरांखाली गेलेला. एका कोपऱ्यात थर आपसूक सुटला तेव्हा घरच्यांना कळलं की खाली काही आहे. मैत्रिणीनं भिंग काढलं आणि मला बघायला दिलं. कोरलेल्या रेषेच्या काठावर चुन्याचा बारीक कंगोरा उठलेला दिसला. थर ओला असताना काटा फिरला तेव्हा बाजूला सरकलेला चुना तिथेच वाळून बसला होता. मोराच्या पिसाऱ्यात एका ठिकाणी हात थांबून पुन्हा सुरू झालेलाही कळत होता. कारागिराचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण त्या एका रेषेत तो माणूस किती वेगानं काम करत होता तेही समजतं.

खालचा भाग बघून मात्र पोटात गोळा आला. कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंतीला सिमेंटचा गिलावा होता. ओल येते म्हणून काही वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं तो सुचवला आणि करून दिला. जमिनीतली ओल चिऱ्यातून वर चढते. चुन्याचा गिलावा असताना ती जमिनीलगत हवेत उडून जायची. सिमेंटनं ती वाट बंद केली, मग पाणी सिमेंटच्या मागून आणखी वर चढलं आणि जिथे सिमेंट संपतं तिथे बाहेर पडू लागलं. नेमकं तिथेच मोराचे पाय होते. आता त्या पट्ट्यात लोणा फुटलाय, पांढरी पूड बोटाला लागते आणि कावीचा थर पापुद्र्यांनी सुटतोय.

"काढून टाकायचं का सगळं सिमेंट?" गुरुजींनी विचारलं.

"काढायचं, पण लगेच नाही. आधी पाणी थांबवायचं," मैत्रीण म्हणाली. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं तिथे पन्हळ लावायची. बाहेरच्या अंगणाची पातळी मातीच्या भरावानं आतल्या जमिनीपेक्षा वर गेलीय, ती खाली आणायची. भिंत एक हिवाळा आणि एक उन्हाळा सुकू द्यायची. मग छिन्नीनं हलक्या हातानं सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा करायचा. कावीवरचे क्षार कागदाच्या लगद्याचा ओला लेप देऊन शोषून घ्यायचे. लेप वाळताना क्षार स्वतःत ओढतो, मग तो काढून दुसरा द्यायचा. पापुद्रे चिकटवणं आणि वरचं डिस्टेंपर उतरवणं हे भित्तिचित्रांच्या तज्ज्ञाचं काम, तोवर त्याला कुणी ब्लेड लावू नये.

गुरुजींच्या पत्नीनं, काकूंनी, मधेच एक विचारलं ते मला फार योग्य वाटलं. "आणि मोराचे गेलेले पाय? ते कुणी परत काढणार?" मैत्रीण म्हणाली, "काकू, पाय कसे होते ते आपल्याला माहीत नाही. तिथे नुसता चुना राहील. तो मोर बिनपायाचाच खरा आहे."

शनिवार, जुने गोवे

सकाळी सांता मोनिकाच्या मठात. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे नन्सचा, मठ, आणि त्याच्याच भागात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. हे संग्रहालय आधी १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि लिस्बनच्या गुलबेंकियान प्रतिष्ठानच्या मदतीनं. २००२ मध्ये ते इथे आलं आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये नव्या मांडणीत पुन्हा उघडलं. पाचूच्या आणि सोन्याच्या मोहानं इथे येऊ नये. इथे यावं ते आपल्या कारागिरांचे हात बघायला.

हस्तिदंताचा 'भला मेंढपाळ' बघा. डोंगरासारख्या उतरंडीवर बसलेला बाळ येशू, गालाला हात, डोळे मिटलेले, खाली मेंढ्या, झरा, पानं. चेहऱ्यावरची ती ध्यानस्थ शांतता कुठल्या बुद्धावरून, कुठल्या देवावरून आली असेल हे सांगावं लागत नाही. सोळाव्या शतकात ख्रिस्ती मूर्ती हिंदू कारागिरांकडून करवून घ्यायला बंदी करणारे फर्मान निघाले, तरी काम त्याच हातांकडे जात राहिलं, कारण तसे हात दुसरीकडे नव्हते. ज्यांची देवळं गेली त्यांनी दुसऱ्याचे देव इतक्या मायेनं घडवले. मला यात हार किंवा जीत दिसत नाही, कसब दिसतं, आणि ते जपणं हे आपलंही कर्तव्य वाटतं.

हस्तिदंत हवा ओळखतो. दमट हवेत तो ओलावा घेऊन फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, पण सगळ्या दिशांनी सारखा नाही, म्हणून उभ्या चिरा पडतात. लाकडाचंही तसंच. त्यामुळे संग्रहालयात थंडावा महत्त्वाचा नाही, स्थिरपणा महत्त्वाचा. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद केलं तर हवेतली आर्द्रता रोज वर-खाली होते आणि तो झोका कायम दमट हवेपेक्षाही वाईट. दुसरीकडे सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. गोव्याच्या पावसाळ्यात बाहेरची हवा आठवडेच्या आठवडे याच्या बऱ्याच वर असते. या दोन्हींच्या मधे वस्तू सांभाळणं हे रोजचं, न दिसणारं काम आहे.

चांदीचा पेलिकन या संग्रहालयाची ओळख झालाय. आपल्या छातीचं रक्त पिलांना पाजणारा पक्षी, येशूच्या त्यागाचं प्रतीक. त्याच्यासमोर मैत्रिणीनं चांदीबद्दल जे सांगितलं ते प्रत्येक मराठी घरात सांगावंसं वाटतं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, वर सल्फाइडचा पातळ थर बसतो. आपण दिवाळीला देवांची भांडी रांगोळीनं, दंतमंजनानं खसाखसा घासतो तेव्हा काळेपणाबरोबर चांदीही जाते. दर वर्षी थोडी थोडी करत बाळकृष्णाचे डोळे आणि समईवरची नक्षी गुळगुळीत होऊन जाते. एकदा नीट साफ करून, कोरडं करून, मऊ सुती कापडात गुंडाळून हवाबंद ठेवलं तर पुढे क्वचितच घासावं लागतं.

रंगीत लाकडी मूर्तींच्या दालनात आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. लाकडावर सरस आणि खडूचा थर, त्यावर तांबडी चिकणमाती, त्यावर सोन्याचा वर्ख, त्यावर रंग. वाळवीनं लाकूड आतून पोकळ केलं तरी वरचे थर उभे राहतात आणि मूर्ती सुखरूप दिसते. रंग उडालेल्या जागा कशा भरायच्या यावर इटलीत मोठा विचार झाला. रोमच्या केंद्रीय संवर्धन संस्थेचे पहिले प्रमुख चेझारे ब्रांदी यांच्या काळात तिथे बारीक उभ्या रेघांनी जागा भरण्याची पद्धत आली. लांबून बघणाऱ्याला चित्र एकसंध दिसतं, जवळ गेलं की भर कुठे घातलीय ते उघड कळतं. बघणाऱ्याला फसवायचं नाही आणि खट्टूही करायचं नाही, असा दोन्ही बाजूंचा मान त्यात आहे.

जेवणानंतर बाँ जेझू. १५९४ ते १६०५ मध्ये बांधलेली ही बासिलिका सगळ्यांना लाल चिऱ्याची म्हणूनच माहीत आहे, पण ती मुळात गिलाव्यात होती. १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या मार्गदर्शनाखाली गिलावा उतरवला गेला. जुनं दिसावं, दगड दिसावा, अशी तेव्हाची आवड. चिरा सच्छिद्र दगड आहे. तेव्हापासून दर पावसाळा तो उघड्या अंगावर घेतो. भिंतीजवळ उभं राहून पाहिलं तर दगडाचे कण सुटलेले, भोकं रुंदावलेली, काळी-हिरवी शेवाळ. आत फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीनं घडवलेलं संगमरवरी स्मारक आहे, त्यावर गोव्याच्या सोनारांनी १६३७च्या सुमारास पुरी केलेली चांदीची पेटी, तिच्यात संत फ्रान्सिस झेविअरचे अवशेष. एवढं सगळं ज्या भिंतींच्या भरवशावर आहे त्या भिंतींना अंगरखा नाही.

पुन्हा चुन्याचा गिलावा करावा की नाही, यावर गोव्यात जोरात वाद आहे. दोन पिढ्यांच्या मनात लाल बासिलिकाच बसलीय, ती पांढरी झालेली अनेकांना सोसणार नाही. माझं मत सांगते. चुन्याचा गिलावा हा भिंतीसाठी झिजणारा थर असतो. दहा-वीस वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो, पण तो करता येतो. दगड पुन्हा करता येत नाही. फोटोतल्या ओळखीसाठी दगड झिजवू नये.

पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या चित्रांची दालनं आहेत. १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रोनं ही मालिका सुरू करवली आणि पहिल्या चित्रांत एका स्थानिक चित्रकाराचा हात होता. जुनी चित्रं लाकडी फळ्यांवर आहेत. शतकानुशतकं दमट हवेनं रंग सुटत गेला आणि प्रत्येक पिढीनं 'दुरुस्ती' म्हणून वरून नवा रंग चढवला. क्ष-किरण आणि अवरक्त छायाचित्रांनी तपासल्यावर खाली वेगळे पोशाख, वेगळे चेहरे दिसू लागले. आता वरचा थर काढावा तर तोही दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास, ठेवावा तर खालचा माणूस दडलेला. अशा वेळी किरणांनी आत बघून नोंद करायची आणि ब्रश खाली ठेवायचा, हे मला पटलं.

संध्याकाळी संत ऑगस्टिनच्या मनोऱ्यापाशी थोडा वेळ. चर्चचं छप्पर १८४२ मध्ये कोसळलं, मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये. याच अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केतेवानची अस्थी सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र प्रयोगशाळेनं डीएनए तपासून त्याला दुजोरा दिला आणि २०२१ मध्ये तो अवशेष जॉर्जियाला दिला गेला.

शनिवार रात्र, बांदोडे

फोंड्याजवळ बांदोड्याच्या नागेशीच्या देवळात मखरोत्सव बघायला गेलो. नवरात्रात गोव्याच्या देवळांत उत्सवमूर्ती सजवलेल्या मखरात बसवतात आणि रात्री कीर्तन, आरती झाली की वाद्यांच्या ठेक्यावर ते मखर झुलवतात. सभामंडप माणसांनी भरला होता, लेकरं बापाच्या खांद्यावर. ठेका वाढला तसं मखर झुलू लागलं आणि सगळ्यांचे हात जोडले गेले. माझेही.

नागेशीच्या सभामंडपात वरच्या पट्ट्यात लाकडात कोरलेलं, रंगवलेलं रामायण आहे, आणि आवारात १४१३ सालचा विजयनगरकालीन शिलालेख. माना वर करून ते लाकूडकाम बघताना मैत्रीण म्हणाली की संग्रहालयातल्या वस्तूला फक्त हवा सांभाळावी लागते. देवळातल्या वस्तूला धूर, तेल, हळद-कुंकू, ओले हात आणि भक्ती, सगळं सोसायचं असतं. अनेक गावांत दर उत्सवाआधी लाकडी कामावर तैलरंगाचा नवा हात फिरतो. प्रत्येक थर कोरीव खोबणीत साचतो आणि काही वर्षांनी गरुडाचं नाक आणि सीतेचं बोट गोल होऊन जातं.

पण देवाला काचेच्या पेटीत घालून चालत नाही, आणि घालूही नये. यावरचे उपाय आपल्या परंपरेतच आहेत. अभिषेक मूळ मूर्तीऐवजी उत्सवमूर्तीवर करायचा, ही सोय आपल्याकडे आधीपासूनची. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी संवर्धनाचं काम केलं तेव्हा महाराष्ट्रात किती चर्चा झाली ते आठवतं. अशा वेळी पुजारी, भक्त आणि रसायनतज्ज्ञ एकत्र बसले तरच काही टिकतं. एकट्या रसायनानं मूर्ती वाचत नाही.

रविवार, रिवण

दक्षिणेला, कुशावतीच्या काठी उसगाळीमळला कातळशिल्पं बघितली. गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच, १९९३ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून अभ्यासकांपर्यंत पोचली. नदीकाठच्या सपाट जांभ्यावर बैल, हरणं, मोर, माणसाची आकृती आणि गोल गोल फिरत जाणारी चक्रव्यूहासारखी रचना. पाऊस नुकताच पडून गेला होता आणि ओल्या कातळावर तिरपं ऊन आलं तेव्हा खाचा स्पष्ट उठल्या. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर हिंडलेल्यांना हा दगड ओळखीचा वाटेल, आणि धोकेही ओळखीचे: फोटोत नीट दिसावं म्हणून खाचांत खडू भरणारे, चपलेनं वरून चालणारे. तिरप्या उजेडात, सकाळी लवकर किंवा दिवस कलताना गेलं तर खडू लागतच नाही.

सोमवार, डिचोली

गुरुजींनी लोखंडी कपाट उघडलं. तांबड्या कापडात बांधलेले दप्तर, दोन बाजूंना लाकडी फळ्या, आत सुट्या पानांच्या पोथ्या. शिवाय मोडीतले हिशेब आणि एक पोर्तुगीज कागद, जमिनीचा.

काकूंनी ओटीवर धुतलेली चादर अंथरली. मैत्रीण हात धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून बसली. हातमोजे घातले नाहीत. मोज्यांनी पानाच्या कडेचा अंदाज येत नाही आणि कडा फाटते, असं तिचं म्हणणं.

पोथीचं पान उजेडात तिरपं धरलं. काजळाची काळी शाई तीनशे वर्षांनीही तशीच काळी असते, कारण कार्बन कागदाला खात नाही. मजकुरात दंड आणि अंक हिंगुळानं तांबडे केलेले. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा ठिपका आणि त्यावर बरोबर अक्षर. हरताळात आर्सेनिक असतं, म्हणून ती पानं हाताळल्यावर हात धुवायचे आणि लेकरांना त्यापासून लांब ठेवायचं. शेजारी तो पोर्तुगीज कागद ठेवला. त्याची शाई मायफळ आणि हिराकसाची, युरोपातली. ती आम्लयुक्त असते. अक्षरांभोवती तपकिरी प्रभावळ पसरली होती आणि जिथे लेखणी जोरात टेकली तिथे अक्षराच्या आकाराचंच भोक पडलं होतं. कागदावर राहिलेला मजकूर आता भोकांतून वाचावा लागतो. त्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, नाहीतर आम्ल आणखी पसरतं. त्याची तिनं फक्त छायाचित्रं घेतली, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवला आणि प्रयोगशाळेत न्यायच्या यादीत लिहिला.

गोव्याच्या सरकारी दप्तरखान्यात असे कागद खंडोगणती आहेत. १५९५ मध्ये दियोगु दु कोउतुला पहिला रखवालदार नेमून ते दप्तर सुरू झालं. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य त्यात घालवलं आणि मराठ्यांच्या इतिहासाचे किती धागे तिथून बाहेर काढले. गुरुजी त्यांचं नाव घेताना दर वेळी हात जोडत होते.

गुरुजींच्या नातवानं मधे विचारलं, पोथीची पानं लॅमिनेट केली तर? त्याचा प्रश्न मनापासूनचा होता, वाचावं म्हणूनच. मैत्रिणीनं त्याला शेजारी बसवून दाखवलं. प्लॅस्टिकमध्ये गेलेला कागद पुन्हा बाहेर येत नाही. आत अडकलेला ओलावा आणि आम्ल तिथेच राहतं. एके काळी मोठमोठ्या अभिलेखागारांतही कागद ॲसिटेटच्या पातळ पडद्यात बंद करत. आता ती पद्धत सोडून दिलीय, कारण तो पडदाच कालांतरानं विघटित होऊन आम्ल सोडतो.

मग तिनं खरी दुरुस्ती त्याच्याच समोर केली. गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवून, गाळून, पातळ करून आणली होती. कोझो झाडाच्या सालीपासून केलेल्या जपानी कागदाची बोटभर पट्टी ओल्या ब्रशच्या रेघेवरून हातानं फाडली, कात्रीनं नाही. फाडलेल्या कडेला लांब तंतू सुटतात आणि तेच जुन्या पानाला धरतात. फाटलेल्या जागी पट्टी ठेवली, खळ लावली, वर टीपकागद आणि वजन. थोड्या वेळानं पान उचललं तेव्हा नातवाला जोड शोधावा लागला. "आणि हे परत काढायचं झालं तर?" त्यानं विचारलं. "थोडं पाणी लावलं की निघेल," ती म्हणाली. मला पणजीतल्या फरश्यांचे चुन्यातले सांधे आठवले.

एका पानावर कुणी तरी कधी तरी सेलोटेप लावली होती. गोंद पिवळा होऊन कागदात उतरला होता. तिला हात लावला नाही, तिला योग्य द्रावक लागतं. किड्यांनी पाडलेली बारीक भोकं, जिथे अक्षर गेलेलं नाही आणि पान फाटत नाही, ती तशीच ठेवली. सगळं भरायला गेलं की पोथी जाड होते, वळते आणि नव्या ठिकाणी फाटते.

दप्तरातून सुकलेली कडुलिंबाची पानं आणि फुटलेल्या डांबरगोळ्या निघाल्या. डांबरगोळ्या फेकल्या. कडुलिंबाचे डाग काही पानांवर उमटले होते, म्हणून यापुढे कडुलिंब आणि वेखंड सुती पुरचुंडीत, पोथीला न टेकता ठेवायचं ठरलं. तांबडं कापड जुनंच ठेवायचं होतं, पण ते पाण्यात रंग सोडतंय असं दिसलं, म्हणून आत पांढरं धुतलेलं सुती कापड आणि बाहेर तांबडं.

राहिला प्रश्न कपाटाचा. ते बाहेरच्या भिंतीला चिकटून होतं आणि मागचा पत्रा हाताला गार, ओलसर लागत होता. गुरुजी, नातू आणि आम्ही दोघींनी मिळून ते रिकामं केलं आणि आतल्या भिंतीकडे सरकवलं, मागे वीतभर जागा आणि खाली लाकडी ठोकळे. दर महिन्याला कोरड्या दिवशी दारं उघडून सावलीत हवा द्यायची, उन्हात पोथ्या ठेवायच्या नाहीत, आणि कपाटात आर्द्रता दाखवणारा छोटा मापक ठेवायचा, हे नातवाकडे सोपवलं. त्यानं वहीत लगेच पहिली नोंद केली: ७८ टक्के. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मैत्रीण उरलेली पानं घेऊन बसायला परत येणार आहे. तोवर पन्हळीचं माप घ्यायला गुरुजींनी उद्या सुताराला बोलावलंय.